आमदारसाहेबांचा कार्यअहवाल

निवडणूक जवळ आली की, नाहीतर दिवाळीच्या तोंडावर, वर्तमानपत्राच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक घरात येऊन पडतं. वर पक्षाच्या नेत्यांच्या फोटोंची रांग, मधे हात जोडलेले आमदार, आणि 'वचनपूर्ती', 'विकासपर्व', 'लेखाजोखा' असं काहीतरी ठसठशीत शीर्षक. आत उघडलं की तक्ता. अनुक्रमांक, गावाचं नाव, कामाचं नाव, मंजूर निधी (लाखात). अमुक गावी सिमेंट रस्ता, तमुक गावी सभामंडप, स्मशानभूमीला आवारभिंत, चौकात हायमास्ट, फाट्यावर प्रवासी निवारा. शेवटच्या ओळीत एकूण इतके कोटी. बहुतेक घरांत हा कागद दुपारपर्यंत डब्याच्या तळाला जातो किंवा त्यावर भाजी निवडली जाते. मी मात्र वाचतो. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे असल्या कागदाकडे उत्तरपत्रिका तपासायच्या नजरेने बघायची खोड जडली आहे.

वाचकहो, एक गंमत सांगतो. आमदाराने मतदारांना असा अहवाल द्यावा, असं आपल्या संविधानात कुठेही लिहिलेलं नाही. राज्याच्या विधिमंडळाविषयीची कलमं १६८ पासून २१२ पर्यंत आहेत. सभागृह कसं बनेल, सभासद कोण होऊ शकेल, विधेयक कसं मंजूर होईल, पैसा कसा मंजूर होईल, सगळं आहे. पण रस्ता, नाली, सभामंडप हे शब्द शोधूनही सापडायचे नाहीत. मग विधानसभेत बसून कायदे करायला निवडलेला माणूस आपल्याला सिमेंट रस्त्याचा हिशोब का देतो? आणि आपण तरी तोच का मागतो? या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपल्या वर्धा जिल्ह्याचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती लागतो. तो तसा कोणी एकत्र सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

आपला जिल्हा नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढला १८६२ साली. आधी कचेरी पुलगावजवळ कवठ्याला होती, १८६६ साली ती पालकवाडीला आली आणि तिथेच वर्धा शहर वसवलं. प्रांताचं नाव मध्यप्रांत. या प्रांताला स्वतःचं कायदेमंडळ मिळायला १९१४ साल उजाडलं. तोवर चीफ कमिशनर म्हणेल तो कायदा. १९१४ च्या कौन्सिलातही सरकारने नेमलेल्यांचाच भरणा. लोकांनी निवडलेले, म्हणजे खरं तर थोड्याशा लोकांनी निवडलेले सभासद बहुसंख्येने आले ते १९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर. मताचा अधिकार शेतसारा किंवा कर भरणाऱ्या मोजक्यांना. आमच्या भागात म्हणजे मालगुजार, वकील, सावकार, कापसाचे व्यापारी. बायाबापड्या, कास्तकाराचा सालदार, गावकुसाबाहेरची वस्ती यांचा त्यात काही संबंध नव्हता.

त्या वेळी खाती दोन प्रकारची केली होती. पोलीस, महसूल वगैरे राखीव. ती गव्हर्नराच्या हाती. शिक्षण, आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य ही सोपीव; ती देशी मंत्र्यांच्या हाती. बाबासाहेबांच्या काळापासून आजवर द्विदल राज्यपद्धती हा परीक्षेतला हमखास प्रश्न, आणि पोरं त्याचं उत्तर घोकून लिहितात. पण त्या पद्धतीची खरी गोष्ट आपल्याच नागपूरच्या कौन्सिलात घडली, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत येऊन जातं.

१९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसचा बहिष्कार होता. १९२३ साली स्वराज्य पक्ष निवडणुकीत उतरला आणि मध्यप्रांताच्या कौन्सिलात त्याला स्पष्ट बहुमत मिळालं. डॉ. मुंजे, राघवेंद्र राव ही मंडळी त्यात. बहुमत मिळालं म्हणजे मंत्रिपदं घ्यायला हवीत! पण यांनी ती घेतली नाहीत. जे दुसरे मंत्री झाले त्यांच्यावर अविश्वास, अंदाजपत्रकाच्या मागण्या नामंजूर, आणि १९२४ साली मंत्र्यांचा पगार ठरवला वर्षाला दोन रुपये. दोन रुपये! मंत्री राजीनामा देऊन गेले आणि गव्हर्नराने सोपीव खातीही आपल्याकडे घेतली.

आता विचार करा, त्या सभासदांनी मतदारांना कार्यअहवाल दिला असता तर त्यात काय लिहिलं असतं? 'आम्ही एकही काम होऊ दिलं नाही, हेच आमचं काम.' मतदारांनी नेमकं याचसाठी त्यांना निवडलं होतं. अधिकार न देता जबाबदारीचं सोंग वठवायला लावणारी राज्यपद्धती उघडी पाडायची, हे आश्वासन होतं आणि ते त्यांनी पुरं केलं. आजच्या भाषेत ती वचनपूर्तीच की. ती फार टिकली नाही हेही खरं. पुढच्याच वर्षी, १९२५ साली, कौन्सिलचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले. पक्षात फूट पडली, आणि सरकारात राहून कामं करावीत की बाहेर राहून अडवावीत हा वाद आमच्याकडे पुढे दहा-बारा वर्षं धुमसत राहिला. तो वाद आज कोणाला आठवत नाही. विरोधी पक्षातला आमदार मात्र 'निधी मिळत नाही' म्हणत सत्तेच्या दारी जातो तेव्हा मला तांबे आठवतात.

यानंतरची गोष्ट तर थेट वर्ध्यात घडलेली.

१९३७ साली प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. मुख्यमंत्री, म्हणजे त्या वेळच्या बोलीत पंतप्रधान, नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे. मंत्रिमंडळात मराठी भागाचे आणि हिंदी महाकोसलाचे असे दोन तट पहिल्यापासून. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता हे महाकोसलाचे. गोळे आणि देशमुख हे वऱ्हाडचे. भांडण वाढत गेलं. मे १९३८ मध्ये पचमढीला वरिष्ठांनी समेट घडवून आणला. तो दोन महिनेही टिकला नाही. २० जुलै १९३८ रोजी खऱ्यांनी राजीनामा दिला, गोळे-देशमुखांनीही दिला. शुक्ल, मिश्र, मेहता देईनात. पक्ष सांगेल तेव्हा देऊ, म्हणाले. गव्हर्नर वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ केलं आणि खऱ्यांना नवं मंत्रिमंडळ बनवू दिलं. त्यात खऱ्यांनी अस्पृश्य समाजातले अग्निभोज यांना घेतलं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

काँग्रेसची वर्किंग कमिटी तेव्हा वर्ध्यातच भरत होती. जमनालालजी बजाज यांच्यामुळे वर्धा ही काँग्रेसची जणू दुसरी राजधानी झाली होती, आणि गांधीजी जवळच सेगावला राहत. या सेगावचं सेवाग्राम नाव पुढे पडलं. अध्यक्ष होते सुभाषबाबू. खऱ्यांना वर्ध्याला बोलावण्यात आलं. नागपूर ते वर्धा पंच्याहत्तर-एक किलोमीटर. पण प्रांताचा पंतप्रधान त्या अंतरात माजी पंतप्रधान झाला. दोन-तीन दिवसांत नव्या मंत्रिमंडळाचाही राजीनामा. सेगावला गांधीजींची भेट झाली, निवेदनाच्या मसुद्यावर बोलणी झाली, ती फिसकटली. वर्किंग कमिटीने खऱ्यांना दोषी ठरवलं आणि जुलैअखेरीस शुक्लांची नेतेपदी निवड झाली.

माझं मत विचाराल तर खऱ्यांचं वागणं बरोबर नव्हतं. समेट मोडायचा, सहकाऱ्यांना अंधारात ठेवायचं, आणि परक्या गव्हर्नराच्या हातून त्यांना काढवायचं, हे शोभणारं नाही. पण त्या गदारोळात त्यांनी जो प्रश्न उभा केला तो निरुत्तरच राहिला. मुख्यमंत्री जबाबदार कोणाला? सभागृहाला, त्याला निवडून देणाऱ्या मतदारांना, की वर्ध्याच्या बंगल्यात बसलेल्या पक्षश्रेष्ठींना? पुढे खऱ्यांनी 'माय डिफेन्स' नावाची पुस्तिका काढली आणि आपली बाजू देशबांधवांपुढे मांडली. लोकप्रतिनिधीने जनतेपुढे केलेलं निवेदन या नात्याने मला ते आजच्या गुळगुळीत पत्रकाचं पूर्वज वाटतं. फरक इतकाच की त्यात कामांचा तक्ता नव्हता, मी असं का वागलो याचा जाब होता. तसा जाब देणारं पत्रक गेल्या काही वर्षांत, आमदार एका पक्षातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जात असताना, माझ्या तरी घरात पडलेलं नाही.

याच मंत्रिमंडळाच्या काळात, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची कल्पना देशापुढे आली. मी शिक्षक, त्यामुळे त्यावर चार पानं लिहायचा मोह होतो आहे. पण असो, तो विषय वेगळा.

स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या विधानसभेने आमच्या खेड्यांसाठी जे सर्वांत मोठं काम केलं ते कोणत्याही पत्रकावर नाही. ते म्हणजे मालगुजारी गेली. १९५० साली मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला. सरकार आणि कास्तकार यांच्या मधला मालगुजार बाजूला झाला. गावठाण, पडीक जमीन, तळी, झाडोरा हे सरकारजमा झालं. ज्या गावात मालगुजाराच्या वाड्यासमोरून जोडे हातात घेऊन जावं लागे, तिथे माणूस जोडे घालून जाऊ लागला. माझ्या लहानपणी म्हातारी माणसं हे सांगत तेव्हा कायद्याचं कलम सांगत नसत, ते जोड्यांचंच सांगत. हे काम केलं सभागृहात हात वर करून मत देणाऱ्या आमदारांनी. त्यांची नावं गावच्या कोणत्या कोनशिलेवर आहेत? कुठल्याच नाही. कायद्याला कोनशिला नसते.

स्थानिक कामांचं काय, तर ती आमदाराकडे नव्हतीच. जुन्या डिस्ट्रिक्ट कौन्सिला जाऊन १९४८ च्या कायद्याने तहसीलवार जनपद सभा आल्या. द्वारकाप्रसाद मिश्रांच्या डोक्यातली ही योजना. शाळा, दवाखाना, गावरस्ता हे सगळं जनपदाकडे. आमच्या आधीच्या पिढीतले मास्तर स्वतःला 'जनपदचा मास्तर' म्हणत. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. वसंतराव नाईकांच्या समितीच्या अहवालावर हा कायदा उभा होता. या समितीने एक फार शहाणपणाची गोष्ट केली: आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत सभासद म्हणून बसवू नका, असं सांगितलं. कायदे करणाऱ्याने कायदे करावेत, रस्ते करणाऱ्याने रस्ते. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला लाल दिव्याची गाडी आली आणि आमदार पाहता पाहता दुय्यम झाला. त्याच्याकडे खेड्यातला माणूस विहीर मागायला गेला तर तो म्हणणार, 'झेडपीत जा.' असं सांगणारा माणूस पुन्हा निवडून कसा येणार? माझ्या समजुतीप्रमाणे आजच्या पत्रकाचं बीज इथे आहे. काम दुसऱ्याकडे आणि मत मागायचं आपण, ही अडचण आमदाराला १९६२ पासून डाचत होती.

तरीही त्या काळात सभागृहात उभं राहून नाव काढणारे आमदार होते. आमच्या जिल्ह्यातून पुलगावच्या प्रभाताई राव गेल्या. १९७९ साली त्या विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदी होत्या. पुढे हिमाचल प्रदेश आणि राजस्थानच्या राज्यपाल झाल्या. पुलगाव नावाचा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेनंतर नकाशावर उरला नाही, त्याजागी देवळी आला. आता जिल्ह्यात आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा असे चार.

आणि कायदेमंडळाच्या सभासदाने काय करावं याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती. १९६५ साली त्यांच्या तासगाव भागात एक प्रयोग झाला: काम मागेल त्याला काम द्यायचं, आणि त्या कामातून बांध, रस्ते, विहिरी अशी कायमची मत्ता उभी करायची. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली. पैसा कुठून आणायचा? १९७५ पासून व्यवसाय कर लावला. म्हणजे शहरातल्या पगारदाराने दर महिन्याला थोडे पैसे द्यायचे आणि खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं. मीही माझ्या पगारातून तो भरला आहे, पगारपत्रकातली ती कपात आठवते. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. २००५ साली केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला त्याच्या मागे हा महाराष्ट्राचा अनुभव होता. उन्हाळ्यात आमच्या भागात गिट्टी फोडणाऱ्या, मुरूम टाकणाऱ्या बाया 'पागेसाहेबांची योजना' म्हणत नसत, 'रोहयो' म्हणत. बहुतेकींना पागे कोण ते माहीतही नव्हतं.

आता आमदार निधीकडे येतो. खासदारांची स्थानिक विकास योजना २३ डिसेंबर १९९३ ला जाहीर झाली. पहिल्या वर्षी पाच लाख, मग एक कोटी, १९९८-९९ पासून दोन कोटी, २०११-१२ पासून पाच कोटी. महाराष्ट्रात आमदारांचा स्थानिक विकास निधी बरीच वर्षं वाढत वाढत दोन कोटींवर होता, तो २०२० ते २०२२ या दोन वर्षांत पाच कोटींवर गेला. एवढ्या झपाट्याने शिक्षकांची रिक्त पदं भरली असती तर!

बऱ्याच जणांना वाटतं की आमदार हे पैसे खिशातून काढून देतो, निदान त्याच्या खात्यातून देतो. तसं नाही. आमदार फक्त शिफारसपत्र देतो. मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, जिल्हाधिकाऱ्यांची प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश. काम करतं बांधकाम खातं, जिल्हा परिषद किंवा नगर परिषद. पैसा आपला, मंजुरी कलेक्टरची, काम ठेकेदाराचं आणि फलकावर नाव आमदाराचं. 'यांच्या निधीतून' हे दोन शब्द मला व्याकरणाच्या दृष्टीनेही खटकतात. निधी यांचा कसा? षष्ठीचा हा प्रत्यय चुकीच्या माणसाला लागला आहे.

आणि पत्रकातला एकूण आकडा तर याहून मोठी गंमत. पाच वर्षांचा आमदार निधी पाच कोटींच्या हिशोबाने पंचवीस कोटी होतो. पत्रकात मात्र शेकड्यांनी कोटी दिसतात. कुठून आले? तर लेखाशीर्ष २५१५ मधली गावांची मूलभूत सुविधांची कामं, जिल्हा नियोजनचा निधी, बांधकाम खात्याचे रस्ते, केंद्राची ग्रामसडक योजना, जलजीवन, घरकुलं, सगळं एकाच तक्त्यात ओतलेलं असतं. घरकुल हा तर लाभार्थ्याचा हक्क. समृद्धी महामार्ग आपल्या सेलू, वर्धा, आर्वी तालुक्यांतून जातो म्हणून तोही कोणी आपल्या खाती मांडून घेतो. त्यात खोटं असं काही नसतं, प्रत्येक ओळ खरी असते. बेरीज तेवढी भलत्याची असते.

या निधीवर टीका करणारे मोठमोठे लोक झाले. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००७ साली ही योजनाच बंद करा असं सुचवलं. ज्याने सरकारच्या खर्चावर नजर ठेवायची त्यानेच खर्च केला तर नजर कोण ठेवणार, हा त्याचा मुद्दा. बिहारने २०१० साली आमदार निधी बंद केला. उलट त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खासदार निधी घटनाबाह्य नाही असा निकाल दिला. मी वर्गात शिकवत असतो तर आयोगाच्या बाजूने बोललो असतो.

पण एक गोष्ट मला तसं ठामपणे बोलू देत नाही. मी नोकरीला होतो त्या एका गावी शाळा आणि अर्धी वस्ती यांच्यामधे नाला होता. पावसाळ्यात तो भरला की पलीकडची पोरं दोन-दोन, तीन-तीन दिवस येत नसत. मुलींचं तर जुलैत बंद झालेलं येणं पुढे सुरूच होत नसे. आई म्हणे, आता राहू द्या गुरुजी, निंदणाला तरी येते. सातवीच्या हजेरीपटावर दरवर्षी तीच रिकामी घरं. गावाने अर्ज किती केले त्याला गणती नाही. एका कचेरीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने पुरेसा निधी नाही असं लेखी दिलं, तिसरीने नाल्याची नोंदच आमच्याकडे नाही म्हटलं. हे दहा वर्षं चाललं. शेवटी एका आमदाराने (नाव सांगत नाही, पक्ष तर मुळीच नाही) गावच्या सप्त्याला आल्यावर तो नाला स्वतः पाहिला, निधीतून रपटा मंजूर केला, आणि पुढच्या पावसाळ्याआधी तो झाला. रपटाच, पूल नव्हे. कठडे नाहीत, पूर मोठा आला की आजही वरून पाणी जातं. पण हजेरीपट भरला. त्या रपट्याच्या तोंडाशी आमदाराच्या नावाचा फलक लागला तेव्हा मला त्याचं व्याकरण सुचलं नाही. त्याच आमदाराने त्या पाच वर्षांत शिक्षणाच्या कायद्यावर सभागृहात तोंड उघडलं होतं का, हे त्या गावात कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की आमदाराने रस्त्याचा हिशोब देऊ नये असं नाही. द्यावा. पण अर्धंच पान छापून तो अख्खा अहवाल म्हणून वाटू नये. आमच्या हिवाळी अधिवेशनाचं ठिकाण वर्ध्याहून तास-दीड तासावर आहे. १९५३ च्या नागपूर करारामुळे सरकारला दरवर्षी तिथे यावं लागतं, कापसाचा आणि सोयाबीनचा प्रश्न आपल्या दारात येतो. तिथे किती तारांकित प्रश्न विचारले, कोणती लक्षवेधी लावली, कोणत्या विधेयकावर बोलले, कपात सूचना दिली का, उपस्थिती किती, याची एक ओळ पत्रकात नसते. सभागृहाची कार्यवाही छापली जाते, ती गुप्त नाही. ज्याला तपासायचं त्याला कामांची यादीही मिळते. जिल्हा नियोजन कार्यालयात माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा स्टॅम्प लावला की काम कोणत्या वर्षी सुचवलं, केव्हा मंजूर झालं, किती खर्च झाला आणि पूर्णत्वाचा दाखला आहे की नाही, हे कळतं. तीन-चार निवृत्त माणसांनी मिळून एक गाव जरी घेतलं तरी दुपारचा वेळ चांगला जातो, हा अनुभव आहे.

लहान कामांचं असं तपासता येतं. मोठ्या कामांचं अवघड आहे, कारण ती एका आमदाराच्या आयुष्यात मावत नाहीत. आर्वी तालुक्यात धनोडीला वर्धा नदीवर निम्न वर्धा धरण आहे. त्याला मान्यता मिळाली १९८१ साली. जुलै २००६ च्या सुमारास शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नावर तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, आपल्या जिल्ह्यातल्या वायफडलाही येऊन गेले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यात सिंचनाच्या पैशाचा मोठा वाटा होता. पुढे केंद्राच्या कृषी सिंचन योजनेतही या धरणाचं नाव आलं. १९८१ साली ज्याने पाठपुरावा केला तो, ज्याच्या वेळी बुडीत गावं उठली तो, आणि कालव्याच्या चारीत पाणी आलं तेव्हा नारळ फोडणारा, हे तिघे वेगळे. बुडीत गावांतून उठलेल्या माणसांचं नाव तर या कोणाच्याच पत्रकात नाही.

रेल्वेचंही तसंच. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग २००८-०९ च्या अर्थसंकल्पात मंजूर झाला आणि त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. देवळीकरांनी पंधरा वर्षं वाट पाहिली. रेल्वे केंद्राची, तरी श्रेय घ्यायला ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत सगळे.

पुलगाव-आर्वी ही छोटी गाडी १९१७ साली सुरू झाली होती. कापसाच्या गाठी पुलगावला आणायला घातलेली ती अरुंद रेल्वे, आमच्याकडे तिलाही शकुंतलाच म्हणत. कितीतरी वर्षांपासून ती बंद आहे. माझ्याकडे जुन्या पत्रकांचा एक गठ्ठा आहे, बायको दर दिवाळीला तो रद्दीत घालायला निघते. त्यातली आर्वी भागातली पत्रकं परवा वेगळी काढली. पक्ष वेगवेगळे, माणसं वेगवेगळी. काहींत 'प्रयत्न सुरू', काहींत 'पाठपुरावा केला', एकात 'लवकरच ब्रॉडगेज'. निधीच्या रकान्यात मात्र सगळीकडे आडवी रेघ आहे.